एकशे ब्याऐंशीवा दिवस

साळवेबाईंकडे कुणीही पहिल्यांदा आलं की त्या नाव विचारायच्या आधी हात पुढे करत आणि म्हणत, "पासपोर्ट." माणूस गोंधळून बॅगेत शोधू लागे. मग त्या पासपोर्ट मागच्या पानापासून उघडत, डाव्या हातात धरत आणि उजव्या हाताचा अंगठा बोटांच्या पेरांवरून फिरवत शिक्के वाचत जात. आला कधी, गेला कधी, पुन्हा आला कधी. शेवटचं पान झालं की वर बघून विचारत, "बोला, काय नाव तुमचं?"

मी त्यांच्याकडे कामाला लागले ती नव्वदीची मधली वर्षं. गुडगावात नव्या इमारती उठत होत्या आणि दोन इमारतींच्या मध्ये अजून मोहरीची शेतं होती. एस्तरबाई साळवे मूळच्या अहमदनगरच्या. आयकर खात्यात सगळी नोकरी केली, सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये वीस-बावीस वर्षं काढली आणि निवृत्तीनंतर गुडगावात लहानसं घर बांधलं. त्या घराची पुढची खोली म्हणजे ऑफिस. परदेशात नोकरी करणारे, तिकडून परत आलेले, तिकडे पैसे गुंतवलेले, अशा लोकांची कराची कामं त्या करत. त्या काळात असे लोक एकदम वाढले होते आणि त्यांना नेमकं सांगणारं फारसं कुणी नव्हतं.

मी मेहकरची. वडील एसटीच्या डेपोत मेकॅनिक. घरातली पहिली पदवीधर म्हणून बी.कॉम. झाल्यावर मला सगळ्यांनी मिळून दिल्लीला पाठवलं, कलेक्टर व्हायला. तीन प्रयत्न झाले. तिसऱ्या निकालानंतर घरी जायचं तोंड नव्हतं, तेव्हा चर्चमध्ये बाईंच्या ओळखीची असलेली माझी हॉस्टेलची वॉर्डन मला त्यांच्याकडे घेऊन गेली. बाईंनी मला पासपोर्ट विचारला नाही. विचारलं, "इंग्रजीत पत्र लिहिता येतं?"

मी म्हटलं, "थोडं थोडं."

"थोडं येतं म्हणणारी बरी. सगळं येतं म्हणणाऱ्यांना शिकवायला मला वेळ नाही."

मग त्यांनी मला शिकवलं. माझं प्रत्येक पत्र पेन्सिलने दुरुस्त करून परत देत आणि पुन्हा लिहायला लावत. दुपारी आम्ही एकत्र जेवत असू. त्यांची बाजरीची भाकरी असायची. पीठ नगरहून पार्सलने यायचं. जेवतानासुद्धा शिकवणं चालूच असे. "वंदना, जे माहीत नाही त्याला 'बघून सांगते' म्हणायचं. 'बघून सांगते' म्हटलं म्हणून फी कमी मिळत नाही."

त्यांच्याशी खोटं बोलणं अवघड होतं, पण त्या लोकांना घाबरवत नसत. एकदा अमेरिकेत बारा वर्षं काढून परतलेले एक गृहस्थ आले. तिकडच्या बँकेत त्यांची मोठी ठेव होती आणि तिच्या व्याजाचं इथे कुणाला कळू नये अशी त्यांची इच्छा होती. दार लोटून घेऊन हळू आवाजात म्हणाले, "मॅडम, कुछ ऐसा रास्ता बताइए कि किसी को पता न चले."

बाईंनी पासपोर्ट बघितला, पेरं मोजली. "लपवण्यासारखं काही नाहीच तुमच्याकडे. इतकी वर्षं बाहेर राहून आलात, तर अजून काही वर्षं त्या व्याजावर इथे कर लागत नाही. कागदावर लिहून देते. बिल्कुल सरळ."

गृहस्थ जरा हिरमुसलेच. इतकी तयारी करून आले होते. ते गेल्यावर बाई म्हणाल्या, "बघ, माणसं कायदा न वाचता आधी गुन्हेगार होऊन येतात."

आता मोहित्यांची गोष्ट सांगायला हवी, कारण तिच्याशिवाय बाई कोण होत्या ते मला सांगता येणार नाही.

अजित मोहिते सांगलीचे इंजिनिअर, गुडगावातच राहायचे. त्यांना मस्कतला नोकरी लागली. अशा माणसाचं सगळं गणित दिवसांवर असतं. आर्थिक वर्षात तो भारतात एकशे ब्याऐंशी दिवस राहिला, तर इथला रहिवासी ठरतो आणि बाहेर कमावलेल्या पगारावरही इथे कर लागतो. एक दिवस आधी निघाला, तर तो पगार सुटतो. निघण्याचा दिवसही भारतातला धरायचा, हा बाईंचा नियम. एक एप्रिलपासून मोजलं तर अठ्ठावीस सप्टेंबर हा एकशे एक्क्याऐंशीवा दिवस. मस्कतला पगारावर करच नव्हता, त्यामुळे तिकडे भरल्याचं दाखवून इथे सूट मिळण्याचीही सोय नव्हती.

मोहित्यांना नुकतीच मुलगी झाली होती. त्यामुळे होईल तितकं उशिरा निघायचं होतं. सप्टेंबरात त्यांचा फोन आला तेव्हा बाई बँकेत गेल्या होत्या. "अठ्ठावीसच्या रात्रीचं विमान मिळतंय. चालेल ना?"

मी मोजलं आणि म्हटलं, "चालेल. एकशे एक्क्याऐंशी." 'बघून सांगते' म्हटलं नाही. आता मला येतं, असं वाटू लागलं होतं.

पुढच्या जुलैत विवरणपत्र भरायची वेळ आली. मोहिते सुटीवर आले होते. त्यांनी कागदांचं पाकीट पाठवलं. त्यात पासपोर्टची झेरॉक्स होती, पगाराचं पत्र होतं आणि आम्ही मागितलं नसतानाही विमानाच्या तिकिटाची प्रत होती. पासपोर्टवर शिक्का अठ्ठावीस सप्टेंबरचा. तिकिटावर सुटण्याची वेळ बारा वाजून पन्नास मिनिटं, तारीख एकोणतीस.

मी ते तिकीट ड्रॉवरमध्ये ठेवलं. ते यादीत नव्हतंच. शिक्का सरकारी होता, स्वच्छ होता, आणि बाईंना दाखवायला तेवढा पुरला असता. त्या दिवशी मला भाकरी गेली नाही. नोकरी गेली तर हॉस्टेल जाणार आणि हॉस्टेल गेलं तर मेहकर, एवढंच डोक्यात होतं. चार वाजता मी ड्रॉवर उघडला आणि तिकीट बाईंच्या टेबलावर ठेवलं.

त्यांनी तिकीट वाचलं, शिक्का वाचला. अंगठा पेरांवरून फिरला. "एकशे ब्याऐंशी. फोनवर तू त्यांना वेळ विचारली होतीस?"

"नाही."

"का?"

"आमच्याकडे रात्रीची गाडी म्हणजे त्याच तारखेची गाडी, बाई. दिवस उजाडल्यावर बदलतो."

त्या हसल्या नाहीत. "मेहकरचं मेहकरला बरोबर आहे. कायद्याचा दिवस बारा वाजता बदलतो. इथली परदेशी विमानं बहुतेक बारानंतरच सुटतात. त्यांना उद्या बोलाव."

मोहिते आले ते मुलीचे फोटो घेऊन. बाईंनी फोटो पाहिले, मुलगी कुणावर गेलीय ते बोलल्या, आणि मग म्हणाल्या, "मोहिते, माझ्या ऑफिसची चूक झाली आहे." आणि सगळं सांगितलं.

मोहित्यांना आधी ते खरंच वाटेना. "मॅडम, शिक्का बघा ना. अठ्ठावीस लिहिलंय."

"शिक्का मारला तेव्हा अकरा वाजले असतील. त्यानंतर कुठे होतात तुम्ही?"

"लाउंजमध्ये."

"लाउंज कुठे आहे? मस्कतला?"

"अहो, पन्नास मिनिटांसाठी सहा महिन्यांच्या पगारावर कर? यार, सगळे शिक्काच दाखवतात. विचारा कुणालाही."

"दाखवू देत. त्यांची तिकिटं माझ्याकडे आलेली नाहीत."

"मग माझंही आलं नव्हतं असं समजा." त्यांनी हात पुढे केला.

बाईंनी तिकीट लगेच दिलं. "घ्या, तुमचंच आहे. पण मी ते वाचलंय. कर भरायचा असेल तर विवरणपत्र मी करते, फी नको. नसेल भरायचा तर फाइल न्या. दुसऱ्या कुठल्या विवरणपत्रावर माझी सही होणार नाही."

तेव्हा मोहित्यांनी माझ्याकडे बघितलं. "अठ्ठावीस चालेल असं यांनीच सांगितलं ना? मी पंचवीसलाही गेलो असतो. बारसं आधीच झालं होतं. तीन दिवस राहिलो ते यांच्या शब्दावर."

बाई म्हणाल्या, "ऑफिसची चूक म्हटलं मी."

पण ते बोलत होते ते खरं होतं. मी उठून उभी राहिले. "हो, मीच सांगितलं. वेळ विचारली नाही. चूक माझी आहे."

"मग आता त्याचं मी काय करू?" मोहिते म्हणाले. ते ओरडले नाहीत. ते फाइल घेऊन गेले. मुलीचा एक फोटो टेबलावर राहिला होता, तो मी दुसऱ्या दिवशी पोस्टाने पाठवला.

पुढच्या दोन महिन्यांत मस्कतची आणखी चार माणसं आमच्याकडून गेली. मोहित्यांनी सांगितलं असणार, त्यांना दोष देता येत नाही. मी राजीनामा लिहून नेला. बाईंनी तो वाचला, एका शब्दाचं स्पेलिंग दुरुस्त केलं आणि परत दिला. "नीट लिहिलं आहेस. इंग्रजी सुधारलं तुझं. आता जा, ते लंडनचे देशपांडे बसलेत बाहेर, त्यांचे दिवस मोज. तारीख विचारू नकोस, घड्याळ विचार. आणि खाली तुझी सही कर, मी तपासणार नाही."

त्या सहीच्या भीतीने मी जे शिकले ते मला कुठल्याही परीक्षेने शिकवलं नसतं. बाईंकडे मी आणखी नऊ वर्षं होते. शेतं गेली, काचेच्या इमारती आल्या. मग बाईंच्या डोळ्यांना शिक्क्यांची पुसट अक्षरं दिसेनाशी झाली, तेव्हा त्यांनी घर विकलं आणि नगरला बहिणीकडे गेल्या. ज्यांची कराची कामं होती ती माणसं माझ्याकडे सोपवून गेल्या. आज माझ्या नावाची पाटी आहे, मेहकरचं घर पक्कं झालं आहे, हे सगळं त्या पुढच्या खोलीतून आलेलं आहे.

मोहित्यांना पुढे कधी नोटीस आली का, मला माहीत नाही. बहुधा नाही. ते पुन्हा भेटले नाहीत.

बाई वारल्या त्याच्या आदल्या वर्षी मी त्यांना भेटायला नगरला गेले होते. त्या अंगणात खुर्ची टाकून बसल्या होत्या. इतक्या वर्षांत जे विचारायचं धाडस झालं नव्हतं ते मी विचारलं. "बाई, माझ्यामुळे त्यांचं नुकसान झालं, तुमचंही झालं. तेव्हा मला काढून का नाही टाकलंत?"

बाईंनी खुर्ची जरा माझ्याकडे वळवली.

"ते तिकीट तू फाडून टाकलं असतंस तर काढून टाकली असती," त्या म्हणाल्या. "पण मग मला कळलंच नसतं."