मत दो, म्हणाले मी

लेकीला अठरा पूर्ण झाली आणि मी तिचं नाव मतदारयादीत घालायच्या मागे लागले. ती म्हणे, काय फरक पडतो. मी म्हणे, पडतो, आणि नाही पडला तरी जायचं. आमच्याकडे हे असंच चालतं, मी मराठीत आणि ती हिंदीत. आम्ही मूळचे साताऱ्याचे. नवऱ्याची बँकेतून बदली झाली म्हणून लखनौला आलो आणि इथल्या महानगर नावाच्या वस्तीत राहिलो ते राहिलोच. ती इथलीच. मराठी सगळं कळतं, बोलायच्या नावानं बोंब.

सहा महिने डोकं खाल्लं मी तिचं. शेवटी कंटाळून फॉर्म भरला, कार्ड आलं, आणि काय झालं कोण जाणे, पोरगी स्वतःच पेटली. कॉलेजातल्या चार मैत्रिणींचे फॉर्म तिनं मागे लागून भरून घेतले. पहिलं मत पाचजणींनी मिळून द्यायचं ठरलं. मी इतकी सुखावले की विचारू नका.

मतदानाला आठवडा उरला होता. घराजवळच्या कपूरथला चौकातल्या बाजारात आम्ही दोघी सब्जी घेत होतो, तिथं कुठल्याशा न्यूज चॅनलची माणसं माइक घेऊन उभी. दिसेल त्या तरुणाला एकच प्रश्न, हवा किसकी है. लेकीलाही तोच. ती कॉलेजच्या रस्त्यावर दिवे नसतात असं सांगायला लागली, तर माइक पुढच्याकडे गेलासुद्धा.

माझी सटकली. म्हटलं, भैया, हवेचं काय घेऊन बसलात? मुलांना दिव्यांचं विचारा, तुंबलेल्या नाल्यांचं विचारा, नोकरीच्या परीक्षांचं विचारा. कोणत्या उमेदवारानं काय केलं ते दाखवा. चांगली पाच मिनिटं बोलले. आणि शेवटी कॅमेऱ्याकडे बघून अगदी पोटतिडकीनं म्हणाले, "बच्चों, कोई कुछ भी कहे, मत दो."

बावीस वर्षं झाली मला इथं. इथले लोक वोट म्हणतात आणि 'मत दो' म्हटलं की 'देऊ नका' असंच ऐकतात, हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. पण चिडले की माझ्या तोंडी आपला साताराच येतो. मेली जीभ.

संध्याकाळी बातम्यांत आले मी. दिवे, नाले, परीक्षा, सगळं कापलेलं. माझा लाल झालेला चेहरा, ते एक वाक्य आणि खाली पट्टी, की लखनौच्या महिलेचं मतदानावर बहिष्काराचं आवाहन. मी चॅनलला फोन लावला. तिथली मुलगी मोठ्या अदबीनं म्हणाली, आंटी, शब्द तर आपलेच आहेत. होतेच माझे. फोन ठेवून दिला.

दुसऱ्या दिवशी कॉलेजात तो व्हिडिओ प्रत्येकीच्या फोनवर होता. लेक वर्गात शिरली की मागून कुणीतरी 'मत दो' म्हणायचं. त्या चार मैत्रिणीही हसल्या, आणि हसता हसता मतदानाचा बेतही सोडून दिला. लेक घरी आली ती सरळ खोलीत गेली आणि दार लावून घेतलं. मला स्वतःची इतकी लाज वाटली की दोन दिवस मी बाजारात गेले नाही.

मतदानाला मी एकटीच जाऊन आले. दुपारचे चार वाजले होते, ती पलंगावर फोन बघत पडलेली. म्हटलं, माझ्यावर राग काढ हवा तेवढा, पण ऊठ, अजून दोन तास आहेत. तिनं फोन बाजूला ठेवला. ती रागावलेली नव्हती, आणि तेच मला सहन होईना.

"आई, आपने पाँच मिनट बोला," ती म्हणाली. "उन्होंने दो लफ़्ज़ रखे, वो भी उलटे. मैं तो बस एक बटन दबाऊँगी. उसका ये लोग क्या करेंगे?"

खोटं सांगावं इतकाही धीर उरला नव्हता. मी तिच्या पायाशी बसून राहिले. सहा वाजले, मतदान संपलं. तिच्या बोटाला शाई लागली नाही. तिला दारापर्यंत नेलं मी, आणि दारातून परत फिरवलंही मीच.