नवी कॅमेरा बॅग

आमच्या शेजाऱ्याला कॅमेऱ्यासाठी पाठीवरची बॅग घ्यायची होती, आणि त्यापायी गोंदियाच्या बाजारात माझे कितीतरी रविवार वाया गेले. प्रत्येक बॅग तो पाठीवर चढवी, दुकानातच उकिडवा बसे, उठे आणि मला विचारी, "मांगून कशी दिसून राहिली?" शेवटी दुकानदारच वैतागला, "भाईसाहब, लेना है कि नहीं?" तेव्हा कुठे त्यानं एक घेतली.

पुढच्याच रविवारी आम्ही चिचगडच्या जंगलात फिरायला गेलो. वाटेत मोहफुलं वेचून परतणाऱ्या एका म्हातारीच्या टोपलीचं बूड निघालं. सगळी फुलं मातीत सांडली आणि ती मटकन खाली बसली. त्यानं काही न विचारता कॅमेरा माझ्या गळ्यात अडकवला, लेन्स माझ्या हातांत कोंबल्या आणि ओंजळी भरभरून फुलं बॅगेत टाकायला लागला.

"अबे, नवी बॅग हाये! वास जिंदगीत नाही जाणार."

"मंग बुढीनं कायले टाकून जावं? तू लेन्स सांभाळ बाप्पा, पाडू नको."

म्हातारीच्या घरापर्यंत तो तिच्याशी गप्पा मारत पुढे चालला होता. मागून मी. नाकावर माशी बसली होती, आणि हाकलायला एकही हात मोकळा नव्हता.