मेहरुन्निसा आपा आणि शर्तीचा रकाना

रडणारी पोरगी म्हणजे 'हो' म्हणणारी पोरगी. माझ्या निकाहात असंच धरलं होतं सगळ्यांनी.

मेहरुन्निसा आपा मध्ये पडल्या नसत्या तर मी आज नर्स नसते.

आज सकाळी आपा गेल्या.

आमच्या सोलापूरच्या गल्लीत विड्या वळायच्या त्या. चौथीपर्यंत शाळा. पण तोंड असं की भलेभले रस्ता बदलायचे. माझं तोंड त्यांच्यावरच गेलंय, असं अम्मी म्हणते. कौतुकानं नाही म्हणत!

माझ्या लग्नाच्या वर्षभर आधी गल्लीत एका परदेशी संस्थेची माणसं आली होती. मुस्लीम महिलांचा विकास, मानवी हक्क, असा मोठा बॅनर. आम्हाला विचारलं, तुमची गरज काय?

सगळ्या बायका एका सुरात, शिलाई मशीन!

त्या पाहुण्यांत इंडोनेशियाच्या सितीबाई होत्या. डोक्याला स्कार्फ, पायात स्पोर्ट्स शूज. त्यांनी मोबाईलवर स्वतःच्या निकाहाच्या पुस्तिकेचा फोटो दाखवला. मागच्या पानावर नवऱ्यानं पाळायच्या अटी छापलेल्या. आमच्याकडं हे असतंच, म्हणाल्या.

आपांनी तो फोटो डोळ्याजवळ धरून पाहिला. ती भाषा वाचता काय येणार, कप्पाळ! पण बघत राहिल्या.

मग म्हणाल्या, "तुमी बी मुसलमान, आमी बी मुसलमान. आमच्या निकाहनाम्यात बी 'शर्ती' म्हणून रकाना हाय की. तितं रेघ मारत्यात नुसती."

सितीबाईंना दुभाष्यानं सांगितलं. त्यांनी विचारलं, "रेघ कोण मारतं?"

 

दुसऱ्या दिवशी आपांनी सात रस्ता चौकात जाऊन एका वकिलाकडून उर्दू निकाहनामा मराठीत लिहून घेतला. आमच्यासारख्या मराठी मीडियमच्या पोरींसाठी. झेरॉक्स काढल्या आणि घरोघरी वाटल्या. लोक हसले. विड्या वळायचं सोडून हे काय नवीन?

मशीनही आल्या बरं का. आपांनी एक घेतलीच. सोडतायत होय!

मग माझा निकाह.

जेऊरहून पाहुणे आले. मुलगा चांगला होता, तक्रार नव्हती. पण माझं नर्सिंगचं शेवटचं वर्ष राहिलेलं. आणि मुलाच्या चाचांनी आदल्या दिवशी सांगून टाकलेलं, "आता कसलं कॉलेज? जेऊरला घर सांभाळायचं."

अब्बांना बोलायची माझी हिंमत झाली नाही. हो, माझीच! हसू नका.

निकाहातले वकील, म्हणजे माझ्या वतीनं बोलणारे, म्हणून मामू आणि दोन गवाह आत आले, माझी मर्जी विचारायला. मी पदराआड नुसती रडतेय. मला वाटलं, एवढी रडले तर कोणीतरी थांबेल.

मामूंनी एकदा विचारलं, दोनदा विचारलं. मी हुंदके देतेय.

मागून फूफी म्हणाली, "बच्ची रोरी है, मतलब हाँ है. चलो."

आणि ते निघाले की! रिवाजच आहे ना तसा. लाजरी पोरगी तोंडानं कशी बोलेल?

आपा दारात उभ्या राहिल्या. दोन्ही हात चौकटीला.

"रडणं म्हंजे हो न्हाय. तोंडानं विचारा, तोंडानं ऐका."

फूफी भडकली, "आपा, मुहूर्त... म्हणजे टाइम जातोय!" घाईत फूफीला मुहूर्त आठवला. आजही तिला चिडवतो आम्ही.

आपा माझ्याजवळ बसल्या. पदर बाजूला केला. "शब्बो, मुलगा नको का?"

मी मान हलवली. तसं नाही.

"मग काय ते बोल की. रडून कोणाला कळतंय गं?"

"कॉलेज," मी म्हणाले. "परीक्षा. नोकरी."

एवढंच. तीन शब्द बोलायला माझा जीव गेला होता.

मामू बाहेर जाऊन सांगून आले. दारातून मला दिसत होतं, काझीसाहेब वैतागले. चाचा उठून उभे राहिले. अब्बांचा चेहरा पडला. मला वाटलं, गेलं सगळं. वरात परत जाणार आणि नाव माझं खराब होणार.

तेवढ्यात फुलांच्या सेहऱ्यातून नवरदेव बोलला, "लिहा की. लई मोठं काय मागितलंय?"

लिहिलं. शर्तीच्या रकान्यात, रेघेच्या जागी.

मग मी 'कुबूल' म्हणाले ते बाहेरच्या मंडपापर्यंत ऐकू गेलं म्हणे.

वर्षभर जेऊर-सोलापूर अपडाऊन केलं. हा माणूस, माझा नवरा, रोज मोटारसायकलवरून स्टेशनला सोडायचा. निकाल लागला तेव्हा आपांनी सितीबाईंना माझा फोटो पाठवला. आणि तेच काझीसाहेब हल्ली मुलीकडच्यांना आधी विचारतात, "शर्ती काय लिहू?" मी दोन लग्नांत स्वतःच्या कानांनी ऐकलंय.

गेल्या आठवड्यात आपा माझ्याच वॉर्डात ॲडमिट झाल्या. ऑपरेशन करायचं ठरलं. डॉक्टरांनी संमतीचा फॉर्म त्यांच्या मुलापुढं ठेवला. पेशंट शुद्धीवर, आणि सही मुलाची! आपा कॉटवर टिपं गाळत होत्या. मुलगा म्हणाला, "घाबरलीय. करू या आपण."

मी फॉर्म काढून घेतला. आपांजवळ बसले. सगळा मराठीत वाचून दाखवला. धोका काय, फायदा काय, नाही केलं तर काय.

"आपा, करायचं?"

त्यांनी डोळे पुसले. लख्ख आवाजात म्हणाल्या, "न्हाय. मला घरी जायचंय, माझ्या माणसांत. आणि शब्बो, हे रडून न्हाय सांगत मी. तोंडानं सांगतेय. नीट लिहून घे."

मी लिहून घेतलं. मुलगा खूप रडला, पण घरी नेलं त्यानं.

आज सकाळी तिथंच, आपल्या कॉटवर, सुनेचा हात धरून गेल्या.

सितीबाईंना कळवलं, त्यांचा व्हॉइस मेसेज आलाय. भाषा कळत नाही. रडणं कळतं.

आपा, अल्लाह तुम्हाला जन्नत देवो. तिथंही काही विचारलं, तर तोंडानं सांगा.

तुमची शब्बो