पातेलं विसळून केलेला चहा

हाडांच्या दवाखान्यात बावीस वर्षं प्लास्टर घालणाऱ्या बाईंना सगळे प्लास्टरताई म्हणत. कोमट पाण्यात पट्टी बुडवायची, पिळायची आणि मोडक्या हातावर गुंडाळता गुंडाळता उपदेश करायचा, "दूध घेत जा हो. वय झालं म्हणून हाडं काही सुट्टीवर जात नाहीत." उपदेश फुकट होता, त्यामुळे लोक माना डोलवत.

ताईंच्या घरी रोज दोन पिशव्या दूध यायचं. वाटणी ताईच करत आणि ती अगदी न्याय्य असे. मुलगा व्यायामशाळेत जायचा, म्हणून त्याला मोठा ग्लास. सासूबाईंना दात नव्हते, म्हणून त्यांचा पाव दुधात भिजायचा. नवऱ्याला दात होते, व्यायामही नव्हता, पण तो नवरा होता. उरलेलं पातेलं ताईंचं. त्यात पाणी घालून विसळायचं आणि त्या पांढुरक्या पाण्याचा चहा करायचा. सक्ती कुणाचीच नव्हती. कुणाचं लक्षच नव्हतं.

एक दिवस पाण्याची बादली उचलताना ताईंचं मनगट कट्कन मोडलं. डॉक्टरांनी तपासण्या केल्या, गोळ्या लिहिल्या, उन्हात चालायला सांगितलं आणि विचारलं, "ताई, तुम्ही स्वतः दूध किती घेता?" "पातेलं विसळण्यापुरतं," जन्मभर बडबडणाऱ्या ताई म्हणाल्या. "पुन्हा मोडलं तर प्लास्टरचं टेबल विसरा. बाहेर पेशंटचे नंबर लावायला बसवीन," डॉक्टर म्हणाले. त्या टेबलावर ताईंचा जीव होता. त्या मनातून पार हादरल्या.

घरात काळजीला नुसता ऊत आला. "अगं, रोज ग्लासभर घेत जा," नवऱ्याने फर्मावलं आणि मोठ्या मनाने तिसरी पिशवी सुरू केली. मुलाने मोबाईलवरून दुधाचे फायदे मोठ्याने वाचून दाखवले, आणि वाचता वाचता समोरचा ताईंचा ग्लास संपवला. पंधरा दिवसांत त्याचा व्यायाम वाढला, सासूबाईंचा पाव वाढला आणि ताईंकडे पुन्हा पातेलं आलं. राग धरावा तर कुणावर? ओतणारा हात त्यांचाच होता, तोही प्लास्टरमधला.

प्लास्टर सुटलं, त्याच्या दुसऱ्या दिवशी ताई अर्धा तास लवकर निघाल्या. जाताना एक पिशवी पर्समध्ये टाकली. दवाखान्यात पट्ट्यांचं पाणी तापवायच्या शेगडीवर दूध उकळलं आणि खुर्चीत ऐसपैस बसून पहिला घोट घेतला. इतकं बरं त्यांना कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.

तेवढ्यात नवऱ्याचा फोन आला. "अगं, दूध कमी कसं? या दोघांनी सगळं संपवलं. माझ्या चहाचं काय?"

"अहो, पातेल्यात पाणी घाला, विसळा आणि त्याचाच करा," ताई म्हणाल्या. "लग्न झाल्यापासून मी तोच पितेय. काही होत नाही त्याने. फार तर मनगट मोडतं."