पट्टी कोरीच राहिली

तोंडाचा वास घालवणारी पुदिन्याची पातळ चकती जिभेवर विरघळू लागली, की मला पांढरकवड्याजवळच्या शेतातली ती विहीर आठवते. फवारणीचे दिवस होते. भर दुपारी विहिरीत एक बेडूकही हलत नव्हता. पाण्यात कपाशीवरचं औषध उतरलंय का, ते पाहायला मी कागदी पट्टी बुडवली. पाणी चढत मधल्या पारदर्शक पापुद्र्याशी थांबलं. तो विरघळल्यावर ते पुढे सरकणार होतं आणि चांगलं असेल तर टोक निळं होणार होतं. पापुद्रा विरघळला, पाणी टोकाला पोचलं, पण टोक पांढरंच राहिलं. "काईच नाई निंघालं ना बाई? मंग साफच हाय," शेताची मालकीण हसली आणि भरलेला ग्लास तिनं माझ्यापुढे धरला, "घ्या, सकाळपासून आमी सारे हेच पिऊन राह्यलो." अजूनही जिभेवरची चकती संपेपर्यंत मी निळ्या रंगाची वाट पाहते.