बिनवासाचा फाया

नोकरीत खुनाची प्रकरणं पुष्कळ पाहिली, पण डोळे मिटले की गोदाकाठचं ते एकच समोर येतं. निजामाच्या राजवटीची अखेरची वर्षं होती. गेवराईकडच्या एका ठाण्यात मी अमीन, म्हणजे आजचा फौजदार, होतो. हैदराबादहून औरंगाबादला विमान नुकतंच सुरू झालं होतं. दुपारी त्याची घरघर आली की सारं ठाणं अंगणात येऊन वर बघत उभं राही. मीही. एवढासा चांदीचा तुकडा निळाईत विरघळून जाई आणि मग कितीतरी वेळ कामात मन लागत नसे.

अशाच एका दिवशी रात्री पोलीस पाटलानं खबर आणली. एका जमीनदाराचा चुलतभाऊ शेतात मरून पडला होता, डोक्यात घाव. पंचनाम्यात प्रेताजवळ एका धनगराची काठी सापडली. त्याला आत घातलं. गुन्हा शाबीत झाला तर फाशीच होती.

"काठी तुझीच ना?"

"माजीच हाय, साहेब. पर दुपारी इमान आलं अन् मेंढरं बुजली. त्यांच्या मागं पळालो, काठी बांधावरच राह्यली."

त्याची बायको कळप घेऊन ठाण्यासमोरच्या बाभळीखाली बसून होती. खोटं बोलणारा माणूस फार तपशील देतो. हा देत नव्हता. तिला पाहून माझा जीव तुटायचा, पण दयेवर तपास चालत नाही.

मेलेल्याशी जमिनीच्या वाटणीचा दावा होता तो त्या जमीनदाराचा. पण खुनाच्या दिवशी सकाळी तो हैदराबादेत वकिलाच्या घरी होता, आणि वकील खरं बोलत होता. आगगाडीत रात्र काढून, पुढे मोटारीनं, दुसऱ्या दिवसाआधी माणूस इथे पोचणं शक्य नव्हतं. तोही दुसऱ्याच दिवशी गावात उतरला होता.

त्याला जबानीला बोलावलं, तेव्हा त्याच्या दोन्ही कानांत कापूस होता. आमच्याकडचा शौकीन माणूस कानात अत्तराचा फाया ठेवतोच, त्यामुळे गावात कोणाला काही वाटलं नव्हतं. बोलत मात्र होता तो उगाच मोठ्यानं. जबानी झाल्यावर रिवाजाप्रमाणे मी अत्तरदाणी पुढे केली. नव्या फायासाठी त्यानं जुना कापूस काढून मेजावर ठेवला. मी तो हुंगला. वासच नव्हता.

आमचे वरिष्ठ एकदा विमानानं आले, तेव्हा कितीतरी दिवस असाच कापूस घालून फिरत. आवाजानं कान दुखू नयेत म्हणून विमानातच देतात, म्हणाले होते. मी घरच्यासारखं विचारलं, "कान अजून दुखतात का?"

"लई! खाली उतरताना तर जीव..."

त्याचा हात झटकन मेजावरच्या कापसाकडे गेला.

मग औरंगाबादच्या एका भाड्याच्या मोटारवाल्यानं त्याला ओळखलं आणि सगळं उलगडलं. सकाळी वकिलाकडे, दुपारी विमानानं औरंगाबादेत, संध्याकाळी शेतात, आणि दुसऱ्या दिवशी आगगाडीनं आल्यासारखा गावात. बांधावरची काठी त्याला आयतीच सापडली. आम्ही सारे आगगाडीचा हिशेब करत बसलो आणि हा आमच्या डोक्यावरून आला होता. त्या दुपारी मीही मान वर करून बघत उभा होतो.

धनगराला सोडताना सारं समजावून सांगितलं. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं आणि समोरच्या टेकाडाकडे बोट केलं.

"साहेब, त्यो एवढ्या लांबून सकाळचा निघून दुपारी आला. माजं पाल त्ये तिथं, हितून दिसतंय. मला घरी जायला आठ दिस कावून लागले?"

त्याच्या बोलण्यात राग नव्हता. खरंच विचारत होता तो.

पुढे कोणालाही हवालातीत घालण्याआधी मी त्याला विचारत असे, तुझं घर इथून किती लांब? कायद्यात असा प्रश्न कुठेच नाही. पण उत्तर ऐकलं की कुलूप लावताना हात थांबत असे.