वाठोरे बाईंचे बहिरे कान

दवाखान्याच्या पायरीवर पाऊल पडलं की वाठोरे बाईंना ऐकू येईनासं व्हायचं. एरवी त्यांचे कान भलतेच तिखट. अंगणवाडीत चुलीपाशी पाठमोऱ्या बसून, मागे कोणत्या पोरानं कोणाला चिमटा काढला ते त्या नावानिशी सांगायच्या. तेलंगणात, तामसीजवळच्या आमच्या मराठी गावात त्यांनी तीस वर्षं अंगणवाडी चालवली. मी स्वतः त्यांच्या हातची खिचडी खाऊन मोठा झालो. पुढे मंडल कार्यालयात, म्हणजे आमच्याकडच्या तहसिलीत, कारकून झालो, तरी त्यांच्यासाठी मी बापूच राहिलो.

त्यांच्या या बहिरेपणाची ओळख झाली ती आई पडली तेव्हा. कापसाच्या ढिगावरून घसरून तिच्या खुब्याचं हाड मोडलं. सरकारी विम्याचं कार्ड होतं, म्हणून आम्ही तिला आदिलाबादला एका खाजगी दवाखान्यात नेलं. बाई न बोलावता गाडीत येऊन बसल्या. "तू हापिसातला माणूस. दुसऱ्याच्या कागदावर शिक्के मारतं अन् सोताच्या कागदाले घाबरतं," म्हणाल्या. खोटं नव्हतं ते.

काउंटरवरच्या तरुणानं कार्ड उलटसुलट पाहिलं आणि पुढे वाकून हळूच म्हणाला, "अम्मा, कार्ड में सादा रॉड आता. अच्छा वाला होना तो ऊपर का पैसा देना पडता."

मी खिशाकडे हात नेला. बाईंनी तो तिथंच दाबला.

"काय म्हणून राह्यला? मले ऐकू येत नाही बाबा. जरा जोरानं."

त्यानं आवाज थोडा चढवला. बाईंनी कानामागं तळहात धरला. पुन्हा थोडा चढवला. बाई जवळजवळ काउंटरवर चढल्या. शेवटी तो बिचारा ओरडलाच, "ऊपर का पैसा!" आणि सगळं दालन गप्प झालं. बाकांवर बसलेल्या माणसांनी, सलाईनची बाटली उंच धरून उभ्या असलेल्या एका म्हाताऱ्यानंसुद्धा, मान वळवून पाहिलं.

"असं होय!" बाई सगळ्यांना ऐकू जाईल अशा खणखणीत आवाजात म्हणाल्या. "म्हंजे कार्डातला रॉड मोडते काय?"

"नहीं अम्मा, टूटता नहीं."

"मंग वाकते?"

"वाकता भी नहीं."

"मंग तोच टाक ना बाप्पा. आमच्या बाईले काही शर्यतीत पळवाचं नाही. अन् ऊपरचे घ्याचेच असतील तर पावती दे. त्यावर लिव, कार्डातला रॉड चांगला नाही म्हणून."

मोठे डॉक्टर आतून बाहेर आले. त्यांच्याशी बाई तेलुगूत बोलल्या, इतक्या गोड, की डॉक्टरांनी त्यांच्यासाठी खुर्ची मागवली. आईचं ऑपरेशन कार्डावरच झालं. वरचे पैसे कोणी पुन्हा मागितले नाहीत. बाहेर आल्यावर बाईंना तत्काळ सगळं ऐकू यायला लागलं. चौकापलीकडच्या गाड्यावर भजी तळत असल्याचंही त्यांनाच आधी ऐकू आलं. ती मी खाऊ घातली.

मग गावात कोणीही आजारी पडलं की बाई बरोबर. मात्र घरी परतल्यावर चालू होणाऱ्या गोळ्यांपुढे त्यांचंही काही चालायचं नाही. आईच्या गोळ्या मी महिनोन् महिने खिशातून आणल्या. बाई म्हणायच्या, "कार्ड पलंगावर झोपलेल्यालेच ओळखते, बापू. घरी बसून गोळी गिळणाऱ्याले ते इचारत नाही."

हे त्या कोणत्या अनुभवानं बोलतात, ते मला फार उशिरा कळलं. एके दिवशी त्यांच्या घरी गेलो, तर त्या सुपारीच्या अडकित्त्यानं साखरेच्या आजारावरच्या गोळीचे दोन तुकडे करत होत्या. अर्धी आज, अर्धी उद्या. पाय सुजलेले होते.

"हे काय करून राह्यल्या, बाई?"

"काटकसर," त्या हसल्या.

मी चिडलो. "साऱ्या गावासाठी भांडता, सोतासाठी काऊन नाही?"

"सोतासाठी मागाले जीभ उचलत नाही रे."

दुसऱ्या दिवशी मी त्यांना ओढूनच सरकारी दवाखान्यात नेलं. तिथं गोळ्या फुकट मिळत होत्या. बाई रांगेत पदर डोक्यावर घेऊन एखाद्या नव्या सुनेसारख्या मुकाट उभ्या राहिल्या. सगळं मीच विचारलं, मीच मागितलं.

त्या गोळ्यांनी त्यांना आणखी चार वर्षं दिली. आता त्या नाहीत. त्यांची आठवण निघाली की लोक काउंटरवरचा किस्सा सांगून पोट धरून हसतात. मीही हसतो. पण मला आठवते ती सरकारी दवाखान्यातून परततानाची बस. गोळ्यांची पिशवी मांडीवर ठेवून बाई खिडकीबाहेर पाहत होत्या. अचानक म्हणाल्या, "आमच्या मालकाच्या दुखण्याच्या येळी मी अशीच गप होती. दवाखान्यावाल्यायनं सांगितले तेवढे पैसे भरले. दाखवली तिथं सही केली. शेवटी पैसे सरले, तसं घरी घेऊन आली त्यायले. कार्ड माझ्या कमरेलेच होतं, बापू. चार लोकात काढाले लाजली मी."

तेवढ्यात बस थांबली आणि एक बाई चढली. हातात दवाखान्याची फाईल, डोळे रडून लाल. वाठोरे बाईंनी पिशवी माझ्याकडे दिली, सरकून जागा केली.

"बस माय. कोण भरती हाये? आन बरं तो कागद इकडं."